शार्पांतिये आणि डाउडना यांचा तास कसा घ्यावा: वीस अक्षरं, दोन कात्र्या आणि एक चिकटपट्टी

२०२२ च्या विज्ञान दिनाला मी आमच्या शाळेत दोन मोठे फोटो लावले होते. एक इमॅन्युएल शार्पांतिये यांचा, दुसरा जेनिफर डाउडना यांचा. फोटोंना झेंडूचे हार घातले, खाली रांगोळी काढली आणि चार मुलींनी पाठ केलेली भाषणं केली. टाळ्या पडल्या, मुख्याध्यापक सरांनी पाठ थोपटली. नंतर सतरंज्या गुंडाळताना आठवीतली एक पोरगी माझ्याजवळ आली. फोटोंकडे बोट दाखवून म्हणाली, "पण यांनी केलं काय, मॅडम?"

चारही भाषणांत ते कुठंच आलेलं नव्हतं. त्या महान आहेत, त्यांना नोबेल मिळालं, त्या नारीशक्तीचं प्रतीक आहेत, एवढंच पोरींनी सांगितलं होतं, आणि भाषणं लिहून देणारी मीच होते. उत्तर द्यायला गेले तेव्हा कळलं, डीएनए हव्या त्या जागी कापायची सोपी रीत त्यांनी शोधली, त्याबद्दल २०२० चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं, या दोन वाक्यांपलीकडे मलाही सांगता येत नाही. त्या उन्हाळ्याच्या सुट्टीत बसून वाचलं, कागद कापून बघितले आणि पुढच्या वर्षी हार, भाषणं बाजूला ठेवून एक तास घेतला. तेव्हापासून दरवर्षी घेते. भंडारा जिल्ह्यातल्या आमच्या शाळेत जमतो, म्हणजे कुठेही जमेल. ११ फेब्रुवारीला विज्ञानातील महिला आणि मुलींचा आंतरराष्ट्रीय दिवस असतो, २८ ला आपला विज्ञान दिन. दोन्हींपैकी कुठलाही दिवस धरा. दोन तासिका सलग मागून घ्या, एकीत उरकत नाही.

आधी लाजाळू, फोटो शेवटी

वर्गात जाताना हातात फोटो नको, लाजाळूचं रोप हवं. आमच्याकडे धानाच्या बांध्यांच्या धुऱ्यावर ते मिळतं. आदल्या दिवशी संध्याकाळी मुळासकट उपटून डब्यात लावून ठेवा, म्हणजे सकाळपर्यंत तरतरीत होतं. वर्गात नेलं की कुणालाही काही न सांगता एका मुलाला पान शिवायला सांगा. पान मिटतं. वर्गातल्या प्रत्येकाने हे शंभर वेळा पाहिलेलं असतं. आता विचारा, "का मिटतं?"

उत्तरं येऊ द्या. घाई करू नका. मग सांगा, हवाई बेटांवरच्या हिलो गावात एक मुलगी वाढली. तिचे वडील साहित्य शिकवायचे. तिथल्या गवतातही ही लाजाळू होती, आणि शिवलं की मिटणाऱ्या त्या पानांनी तिला वेड लावलं होतं. ती बारा वर्षांची असताना वडिलांनी तिच्या पलंगावर डीएनएच्या शोधाची हकिगत सांगणारं एक पुस्तक ठेवलं. शाळेत तिने रसायनशास्त्र घ्यायचं ठरवलं तेव्हा मार्गदर्शन करणाऱ्या शिक्षकाने सांगितलं, मुली विज्ञान करत नाहीत. हीच जेनिफर डाउडना.

इथे एक लक्षात ठेवा. "मुली विज्ञान करत नाहीत" या वाक्यावर रेंगाळू नका. आपल्याला तिथेच थांबून पाच मिनिटं बोलावंसं वाटतं, मलाही वाटायचं. पण वर्गातल्या मुलींनी घरी, बाजारात, कधी कधी शाळेतही हे वाक्य ऐकलेलं असतं. त्यांना ते नवीन नाही. नवीन आहे ते पुढचं. ते वाक्य ऐकूनही ती पोमोना कॉलेजात रसायनशास्त्रच शिकली, १९८९ साली हार्वर्डमधून पीएच.डी. झाली आणि आरएनए नावाच्या रेणूचा आकार शोधण्यात तिने वर्षानुवर्षं घालवली. वाक्य एका ओळीत सांगा, कामाला वेळ द्या.

उधारीची वही

विषाणूंपासून वाचायची जीवाणूंची एक युक्ती आहे, आणि दोघींचं काम तिच्यावरच उभं आहे. तिचं नाव क्रिस्पर. त्याचा पूर्ण अर्थ फळ्यावर लिहून काही हाती लागत नाही, मी दोनदा लिहून पाहिलाय. त्यापेक्षा गावच्या किराणा दुकानदाराची उधारीची वही घ्या.

दुकानदार एक नाव लिहितो, खाली आडवी रेघ मारतो. पुढचं नाव, पुन्हा तशीच रेघ. नावं वेगवेगळी, रेघ मात्र हुबेहूब तीच. जीवाणूच्या डीएनएत अशीच एक वही असते. ज्या विषाणूंनी पूर्वी हल्ला केला, त्यांच्या डीएनएचा एकेक तुकडा जीवाणू कापून या वहीत डकवून ठेवतो. मध्ये मध्ये तीच ती रेघ. तोच विषाणू पुन्हा आला की वहीतलं नाव काढून ताडून बघतो आणि जुळलं की विषाणूचा डीएनए कापून टाकतो.

ही उपमा मला फार उपयोगी पडली, कारण शोधाचा क्रमही तिच्यात बसतो. १९८७ साली जपानमधल्या ओसाका विद्यापीठात योशिझुमी इशिनो यांच्या गटाला आधी फक्त रेघा दिसल्या. एकच तुकडा ठरावीक अंतराने पुन्हा पुन्हा येतो, पण कशासाठी, ते कळेना. स्पेनमधले फ्रान्सिस्को मोजिका समुद्रकाठच्या मिठागरांतले सूक्ष्मजीव अभ्यासत होते, त्यांनाही रेघा दिसल्या आणि ते त्यांच्यामागेच लागले. रेघांमधली नावं विषाणूंची आहेत हे कळायला २००५ साल उजाडलं. २००७ मध्ये दही-चीजचं विरजण तयार करणाऱ्या एका कंपनीतल्या शास्त्रज्ञांनी दाखवून दिलं की ही वही खरोखर चालते: वहीत नाव घाला, जीवाणू विषाणूला पुरून उरतो, नाव काढा, विषाणू त्याला मारतो. विरजणाचं नाव निघालं की वर्ग जागा होतो. विरजण बिघडतं हे प्रत्येक घरात माहीत असतं.

आपल्या दोघींच्या आधी इतकी माणसं होऊन गेली हे सांगायला कचरू नका. त्याने त्यांचं काम लहान होत नाही. उलट नेमकं कुठलं पाऊल त्यांचं, ते मग स्पष्ट दिसतं.

पट्टी

साहित्य घरातलंच. जुन्या कॅलेंडरची पानं, पट्टी, पेन्सिल, चार रंगांचे स्केचपेन, दोन कात्र्या, थोडा दोरा, कपडे वाळत घालायचा एक चिमटा आणि चिकटपट्टी. कात्र्या बोथट टोकाच्या घ्या.

कॅलेंडरच्या कोऱ्या बाजूने ६० सेंटीमीटर लांबीच्या दोन पट्ट्या कापा. एका पानात बसत नाही, जोडावं लागतं. प्रत्येक पट्टीवर दोन-दोन सेंटीमीटरचे तीस चौकोन आखा. या दोन पट्ट्या म्हणजे डीएनएचे दोन धागे, आणि डीएनए ए, टी, जी, सी या चारच अक्षरांत लिहिलेला असतो. वरच्या पट्टीत ही अक्षरं भरा:

टी ए सी ए – जी ए टी सी ए – ए टी जी सी टी – टी ए सी ए टी – सी टी ए जी ए – टी जी जी – ए ए सी

खालची पट्टी मुलांना भरू द्या. नियम एकच, एच्या समोर टी आणि जीच्या समोर सी. बरोबर भरली तर ती ए टी जी टी अशी सुरू होते आणि टी टी जी अशी संपते. चुकलेली गटं इथेच सापडतात, म्हणून पुढे जायच्या आधी दोन्ही टोकं तपासा. मागच्या वर्षी एका गटाचा सातवा चौकोन चुकला आणि शेवटी काहीच जुळेना. त्या गटाला वाटलं विज्ञानच चुकलं. पण नंतर त्यांनीच चूक शोधली, आणि एका अक्षराने काय होतं हे त्यांच्याइतकं दुसऱ्या कुणाला समजलं नाही.

आता वरच्या पट्टीत शोध घ्यायचा. दोन जी शेजारी-शेजारी कुठे आहेत? एकाच ठिकाणी आहेत, टी जी जीमध्ये. ही खूण. कॅस-नाइन नावाचं प्रथिन, म्हणजे आपली कात्री, आधी ही खूण शोधतं. कुठलंही एक अक्षर आणि त्यापुढे दोन जी. खूण नसेल तर ते तिथे थांबतच नाही. खुणेच्या अलीकडची वीस अक्षरं मुलांना मोजायला लावा, बोट ठेवून, मोठ्याने. ही वीस अक्षरं म्हणजे वहीतलं नाव.

तिसरी पट्टी वेगळ्या रंगाच्या कागदाची. ही वाटाडी पट्टी, आरएनएची. तिच्यावर त्या वीस अक्षरांची नक्कल करायची, फक्त टीच्या जागी यू लिहायचा, कारण आरएनएत टी नसतो:

जी ए यू सी ए – ए यू जी सी यू – यू ए सी ए यू – सी यू ए जी ए

शेवटी चार चौकोन कोरे सोडा. ही पट्टी खालच्या डीएनएच्या पट्टीवर ठेवली की जीसमोर सी, यूसमोर ए, अशी वीसही अक्षरं जुळतात. मुलं एकेक अक्षर मोठ्याने जुळवतात तेव्हा वर्गात जो गलका होतो तो होऊ द्या. शेजारच्या वर्गातल्या सरांना आदल्या दिवशीच सांगून ठेवा.

चिमटा आणि चिकटपट्टी

तासाचा गाभा इथे आहे. बाकी सगळं भराभर झालं तरी चालेल, इथे थांबा.

चौथी पट्टी घ्या, कोरी, आणखी वेगळ्या रंगाची. दोऱ्याने तिचं एक टोक कात्रीच्या कडीला बांधा. आता मुलांना विचारा: वाटाड्या पट्टीला पत्ता माहीत आहे, पण तिच्याजवळ कात्री नाही. कात्री या कोऱ्या पट्टीला बांधलेली आहे, पण तिला पत्ता माहीत नाही. मग?

मुलं लगेच म्हणतात, जोडा. जोडायचा चिमट्याने. वाटाड्या पट्टीचे चार कोरे चौकोन आणि कोऱ्या पट्टीचं मोकळं टोक एकमेकांवर ठेवून चिमटा लावा. निसर्गात असंच असतं, दोन तुकडे एकमेकांना धरून असतात.

आता शार्पांतिये यांची ओळख करून द्या. पॅरिसजवळच्या ज्युविसी-स्युर-ऑर्ज गावात १९६८ साली जन्म. पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये शिक्षण, मग न्यूयॉर्क, व्हिएन्ना, उत्तर स्वीडनमधलं उमिओ, नंतर जर्मनी. आयुष्याची बरीच वर्षं त्यांनी देश बदलत, नवी प्रयोगशाळा उभी करत काढली. घसा दुखायला लावणारा आणि कधी कधी जीवघेणा होणारा एक जीवाणू, स्ट्रेप्टोकोकस पायोजेनिस, हा त्यांचा विषय. त्याच्यातले छोटे छोटे आरएनए तपासताना त्यांच्या गटाला एक तुकडा भरपूर सापडला, ज्याचं काम कुणाला माहीत नव्हतं. तीच आपली कोरी पट्टी, ट्रेसर-आरएनए. वहीतल्या मजकुराचे नीट तुकडे व्हायला हा लागतो, हे त्यांनी मार्च २०११ मध्ये प्रसिद्ध केलं. त्या निबंधावर पहिलं नाव आहे एलित्सा देल्चेवा या तरुण संशोधिकेचं. ते फळ्यावर लिहाच.

त्याच महिन्यात पोर्तो रिकोमधल्या सान हुआन शहरात सूक्ष्मजीवशास्त्राची परिषद होती. तिथे दोघी पहिल्यांदा भेटल्या आणि जुन्या शहराच्या गल्ल्यांतून चालत चालत बोलल्या. एकीला जीवाणू आतून-बाहेरून माहीत, दुसरीला आरएनएचा आकार. डाउडनांच्या कानावर क्रिस्पर हा शब्द २००६ मध्येच पडला होता, त्यांची प्रयोगशाळा असलेल्या अमेरिकेतल्या बर्कलेच्या एका कॅफेत, जिलियन बॅनफिल्ड यांच्याकडून. बॅनफिल्ड माती-पाण्यातल्या सूक्ष्मजीवांचा अभ्यास करणाऱ्या. म्हणजे इथेही एका बाईनेच दुसरीला वाट दाखवली. हे सांगताना माझा आवाज बदलतो असं मुलं म्हणतात. बदलत असेल.

पुढचं वर्षभर बर्कले, उमिओ आणि व्हिएन्ना यांच्यात काम चाललं. डाउडनांकडे मार्टिन यिनेक, मूळचे चेक. शार्पांतियेंकडे ख्रिस्तॉफ हिलिन्स्की, पोलंडचे. यिनेक सरहद्दीजवळ वाढलेले, म्हणून त्यांना पोलिश कळायचं, आणि दोघं स्काइपवर पोलिशमध्ये बोलायचे. सीमाभागातल्या माणसाला दोन भाषा येतात हे आमच्याकडच्या मुलांना वेगळं सांगावं लागत नाही. मध्य प्रदेश आणि छत्तीसगडची सीमा आमच्यापासून लांब नाही.

त्यांनी दोन गोष्टी दाखवल्या. एक, कापतानाही ती कोरी पट्टी लागतेच, तिच्याशिवाय कात्री चालत नाही. दुसरी, चिमट्याची गरज नाही.

इथे मी एका मुलीला पुढे बोलावते. ती चिमटा काढते आणि दोन्ही पट्ट्यांना चिकटपट्टी लावते. एक सलग पट्टी तयार होते. एका टोकाला वीस अक्षरांचा पत्ता, दुसऱ्या टोकाला कात्री. मग मी विचारते, आता आपल्याला दुसऱ्या कुठल्या तरी ठिकाणी कापायचं असेल तर काय बदलायचं?

थोडा वेळ कुणी बोलत नाही. मग मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणतं, "नुसती अक्षरं."

हो, नुसती वीस अक्षरं. कात्री तीच, बाकीची पट्टी तीच. गव्हाच्या, उंदराच्या, माणसाच्या, कुणाच्याही डीएनएत जिथे ती खूण असेल तिथे नवा पत्ता लिहून कात्री पाठवता येते. पूर्वी अशी कात्री बनवायची तर प्रत्येक जागेसाठी नवं प्रथिन घडवावं लागायचं, महिनोन्महिने जायचे. या दोघींच्या गटाने ते काम अक्षरं बदलण्यावर आणून ठेवलं. त्यांचा निबंध २८ जून २०१२ रोजी ऑनलाइन प्रसिद्ध झाला. नोबेल मिळालं ते या चिकटपट्टीसाठी, असं मी मुलांना सांगते, आणि ते बऱ्यापैकी खरं आहे.

आता कापायचं. टी जी जीच्या अलीकडे तीन अक्षरं सोडायची, म्हणजे सी टी आणि ए जी ए यांच्या मध्ये. कॅस-नाइनला दोन पाती असतात, एक एक धागा कापतं आणि दुसरं दुसरा. म्हणून दोन कात्र्या: एक मुलगा वरची पट्टी कापतो, एक मुलगी खालची, एकाच वेळी. वर्गाने एक-दोन-तीन म्हणायचं.

कापल्यावर काय होतं, हे विचारल्याशिवाय मुलं सोडत नाहीत. सांगा, पेशी घाबरल्यासारखी धावत येऊन टोकं जोडते, आणि घाईत एखादं अक्षर गाळते किंवा जास्तीचं घालते. त्यामुळे त्या जागचा जनुक बंद पडू शकतो. किंवा आपण शेजारी योग्य मजकुराचा तुकडा ठेवला तर ती तो बघून दुरुस्ती करते.

आता फोटो काढा

फोटो पिशवीतून बाहेर येतात ते पट्ट्या कापून झाल्यावर. तोपर्यंत मुलं त्यांना ओळखायला लागलेली असतात. नावं नीट म्हणून घ्या: इमॅन्युएल शार्पांतिये, जेनिफर डाउडना. प्रत्येकाने एकदा मोठ्याने म्हणायचं. ज्याचं कौतुक करायचं त्याचं नाव तरी तोंडात बसायला हवं.

नोबेलबद्दल बोलताना नेमकं बोला. "नोबेल मिळवणाऱ्या पहिल्या महिला" हे चूक आहे, आणि स्पर्धांच्या भाषणांत ते दरवर्षी ऐकू येतं. रसायनशास्त्रात त्यांच्या आधी पाच जणी आहेत: मेरी क्युरी १९११, इरेन जोलियो-क्युरी १९३५, डोरोथी हॉजकिन १९६४, आदा योनाथ २००९, फ्रान्सिस आर्नल्ड २०१८. विशेष हे की विज्ञानातलं एक नोबेल फक्त दोन महिलांनी मिळून घेतलं, असं ७ ऑक्टोबर २०२० रोजी पहिल्यांदा घडलं. त्या रात्री डाउडना बर्कलेत झोपलेल्या होत्या. पहाटे तीनच्या आसपास एका विज्ञान नियतकालिकाच्या पत्रकार बाईंचा फोन आला, आणि नोबेलवर प्रतिक्रिया मागताहेत म्हटल्यावर त्यांना वाटलं, दुसऱ्या कुणाला तरी मिळालं असेल. ही गोष्ट मुलांना फार आवडते.

मग बाकीचं हक्काचं देणं देऊन टाका. लिथुआनियाच्या विल्नियस शहरात विर्गिनियुस शिक्षनिस यांनी त्याच सुमारास स्वतंत्रपणे फार जवळचं काम केलं होतं. त्यांचा निबंध एका नियतकालिकाने परत पाठवला आणि सप्टेंबर २०१२ मध्ये दुसरीकडे छापून आला. २०१८ चं काव्हली पारितोषिक या दोघी आणि शिक्षनिस अशा तिघांना मिळून मिळालं. माणसाच्या पेशीत ही कात्री चालते हे जानेवारी २०१३ मध्ये फेंग झांग आणि जॉर्ज चर्च यांच्या गटांनी दाखवलं. दोन्ही धागे न कापता एकच अक्षर बदलायची पुढची रीत डेव्हिड लिऊ यांच्या प्रयोगशाळेत निघाली, आणि ते काम हाताने करणाऱ्यांत २०१६ मध्ये अ‍ॅलेक्सिस कोमोर आणि २०१७ मध्ये निकोल गॉडेली पुढे होत्या. या दोघींचे फोटोही शोधून लावा. फार कुणी लावत नाही.

एक शब्दप्रयोग भाषणांतून कायमचा काढून टाका: "घर सांभाळून". यिनेक यांच्याबद्दल बोलताना आपण तो वापरत नाही, मग डाउडनांबद्दलही नको.

सिकलसेल

आमच्या भागात हा विषय टाळून पुढे जाता येत नाही. विदर्भात सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचे वाहक आणि ग्रस्त अनेक घरांत आहेत. पण इथे फार सांभाळून बोला. वर्गातल्या कुठल्याही मुलाकडे बघत हा भाग सांगू नका, कुणाला आहे का म्हणून हात वर करायला लावू नका, आणि माहीत असलं तरी नाव घेऊ नका. पहिल्या वर्षी मला "यांनी केलं काय" असं विचारणारी पोरगी स्वतः ग्रस्त होती. थंडीत तिचे सांधे इतके दुखायचे की ती आठवडा-आठवडा शाळेत यायची नाही. मी ती गैरहजेरी आळसात धरत होते. तिच्या आईने नंतर सांगितलं. मला अजून त्याचं वाईट वाटतं.

सांगायचं ते असं. हिमोग्लोबिनच्या जनुकात एका जागी एच्या ठिकाणी टी येतो. जी ए जीचं जी टी जी होतं. एक अक्षर, आणि गोल तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. क्रिस्परवर आधारलेला जगातला पहिला मान्य उपचार याच आजारासाठी आहे. ब्रिटनने नोव्हेंबर २०२३ मध्ये आणि अमेरिकेने ८ डिसेंबर २०२३ रोजी त्याला मंजुरी दिली. २०१९ मध्ये अमेरिकेत हा उपचार पहिल्यांदा घेणाऱ्या सिकलसेल रुग्ण व्हिक्टोरिया ग्रे, त्याही एक बाई, चार मुलांची आई.

बरेच जण समजतात की हा उपचार ते चुकलेलं अक्षर दुरुस्त करतो. तसं नाही. आईच्या पोटात असताना बाळाजवळ वेगळं हिमोग्लोबिन असतं, जन्मानंतर शरीर ते बंद करतं. रुग्णाच्या अस्थिमज्जेतल्या पेशी बाहेर काढून, ते बंद करणारं बटण कात्रीने निकामी करतात आणि पेशी परत देतात. जुनं हिमोग्लोबिन पुन्हा सुरू होतं. अमेरिकेत मंजुरी मिळाली तेव्हा ज्यांचा पुरेसा काळ पाठपुरावा झाला होता अशा ३१ रुग्णांपैकी २९ जणांना सलग वर्षभर तीव्र वेदनेचा झटका आला नव्हता. किंमत मात्र तेव्हा २२ लाख डॉलर होती, म्हणजे त्या वेळचे सुमारे १८ कोटी रुपये. हा आकडा लपवू नका. मुलं गणित करतात, गावात किती एकर जमीन येईल याचं.

नोव्हेंबर २०२५ मध्ये दिल्लीच्या आयजीआयबी या संस्थेने विकसित केलेला सिकलसेलवरचा देशी क्रिस्पर उपचार केंद्र सरकारने 'बिरसा १०१' या नावाने जाहीर केला. नाव बिरसा मुंडांवरून. पुण्याची सीरम इन्स्टिट्यूट त्यात भागीदार आहे. आनंदाने सांगा, पण उद्या ग्रामीण रुग्णालयात मिळेल असं सूचित होऊ देऊ नका. वर्गात बसलेलं एखादं मूल ते वाक्य घरी नेतं आणि आई-बाप दवाखान्याच्या दारात उभे राहतात. रक्त तपासून घ्या, गोळ्या चुकवू नका, भरपूर पाणी प्या, लग्न ठरवण्याआधी दोघांची तपासणी करा, हे त्याच दमात सांगा.

अवघड प्रश्न आले तर

येतातच. "मग हुशार पोरं बनवता येतील का?" हा पहिला. २०१८ मध्ये चीनमध्ये 'हे जियानकुई' नावाच्या शास्त्रज्ञाने गर्भाच्या डीएनएत बदल करून जुळ्या मुली जन्माला घातल्याचं जाहीर केलं. जगभरातून निषेध झाला आणि त्यांना तीन वर्षांची शिक्षा झाली. त्याच्या आधीच, जानेवारी २०१५ मध्ये, डाउडनांनी कॅलिफोर्नियातल्या नापा इथे शास्त्रज्ञ आणि कायद्याच्या अभ्यासकांना बोलावून हीच धास्ती मांडली होती आणि पुढच्या पिढीत जाणारे बदल करायला थांबा म्हटलं होतं. स्वतः घडवलेल्या हत्याराबद्दल जगाला सावध करणं ही मला त्यांच्या कामातली नोबेलइतकीच मोठी गोष्ट वाटते.

शेतकऱ्यांची मुलं धानाबद्दल विचारतात. ४ मे २०२५ रोजी केंद्र सरकारने जनुक-संपादित भाताचे दोन वाण जाहीर केले: हैदराबादच्या संस्थेचा डीआरआर धान १००, म्हणजे कमला, सांबा मसुरीपासून, आणि दिल्लीचा पुसा डीएसटी राइस १, एमटीयू १०१० पासून. कमला सुमारे वीस दिवस आधी कापणीला येतो असं सांगितलं गेलं. त्यावर आक्षेपही घेतले गेले. दोन्ही बाजू फळ्यावर लिहा आणि तसंच सोडा. बियाणं विकत घेणाऱ्या घरातली मुलं त्यावर संध्याकाळी वडिलांशी बोलतात.

पत्र

शेवटची पंधरा मिनिटं पत्रासाठी. प्रत्येकाने दोघींपैकी एकीला आठ ओळी लिहायच्या, मराठीत. नियम दोन. महान, थोर, प्रेरणा, नारीशक्ती हे शब्द वापरायचे नाहीत, आणि त्यांच्या कामाबद्दल एक तरी प्रश्न विचारायचा. पत्रं पाठवली पाहिजेत असं नाही, मी ती प्रयोगशाळेच्या कपाटाच्या दारावर लावते. पहिल्यांदा मुलं पेन चावत बसतात. ते चार शब्द काढून घेतले की कौतुक करायला कामच उरतं, आणि काम आठवायला पट्ट्यांकडे बघावं लागतं. नवनीतमध्ये बघून लिहिता येत नाही.

पहिला प्रश्न विचारणारी ती पोरगी दहावीत असताना पुन्हा या तासाला बसली. बाकावर कापलेल्या पट्ट्यांचे तुकडे पडले होते. त्यातली चिकटपट्टी लावलेली जोडपट्टी तिने घडी करून कंपासपेटीत ठेवली. तिचं पत्र शार्पांतियेंना होतं. सातव्या ओळीत लिहिलं होतं: "तो कोरा तुकडा भरपूर सापडला तेव्हा तुम्हाला आधी वाटलं का, की तो कचरा आहे? मग टाकून का नाही दिला?"